तक्ता दप्तराबाहेर काढा

‘माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला बोलता येत नाही, पण कळतं सगळं. घरी चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून हवं-नको सांगतो. शाळेत बाई तक्ता काढू देत नाहीत. म्हणतात, सवय लागली तर बोलायचा प्रयत्नच सोडेल. मधल्या सुट्टीत तो एकटाच असतो. शाळेतून काढू का त्याला?’ – एक आई

ताई, इतक्यात काढू नका. आधी तक्ता दप्तराबाहेर निघू दे.

बाईंना वाटणारी भीती बऱ्याच पालकांनाही वाटते, पण ती खरी नाही. चित्रं किंवा बोलणारा टॅब्लेट वापरल्याने मुलाचं बोलणं मागे पडत नाही, काहींचं तर थोडं वाढतं, असंच आजवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. स्पीच थेरपिस्टकडून हे लेखी घ्या आणि बाईंना द्या. आई सांगते ते माया म्हणून सोडून देतात; कागद फाइलला लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारानेही अशा पर्यायी साधनांना संवादच मानलं आहे.

मग तक्त्यावर काय आहे ते बघा. पाणी, भूक, शू एवढंच असेल, तर त्यावर मैत्री कशी होणार? ‘माझी पाळी’, ‘चल खेळू’, ‘परत कर’, ‘नको’, ‘तू चीटिंग केलीस’ ही चित्रं घाला. भांडता आलं पाहिजे हो त्याला!

वर्गापुढे त्याच्या अपंगत्वावर भाषण मात्र नको. मुलांना कीव येते, आणि कीव आलेल्याला कुणी खेळायला घेत नाही. त्यापेक्षा बाईंनीच शिकवताना अधूनमधून तक्त्यावर बोट ठेवत बोलावं. बघून बघून पोरंही तसंच करू लागतात. सुरुवात दोघा-तिघांपासून करा, पाळीपाळीने खेळायच्या एखाद्या खेळाने. त्याला काही विचारलं की मनात दहा आकडे मोजून थांबायचं, हे सगळ्यांना सांगून ठेवा. चित्र शोधायला, बोट तिथवर न्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. (आयाही यात पुढे असतात.)

एवढं करूनही शाळा ऐकत नसेल, तर खुशाल दुसरी शोधा. बघायला जाल तेव्हा त्यालाही न्या, तक्त्यासकट. तिथल्या बाई त्याचं नाव तुम्हाला विचारतात की त्याला, तेवढं बघून या.