‘आई, उद्या सिक टाकू का?’

बावीस वर्षं मी प्रवासी विमानं उडवली, त्यातली चौदा कमांडर, म्हणजे विमानाची मुख्य पायलट म्हणून. चार वर्षांपूर्वी थांबले आणि नाशिकला आले. डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हापासून पायलट आणि कंपन्यांच्या भांडणाबद्दल या सदराकडे बरीच पत्रं आली. त्यातली चार घेते आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण ते वाचल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रश्न : माझा मुलगा २८ वर्षांचा आहे, एका कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. त्याच्या शिक्षणासाठी आम्ही कर्ज काढलं, थोडी जमीनही विकली. आता तो सुट्टीवर घरी येतो तेव्हा दिवसभर पडून असतो. मोबाइल वाजला की दचकतो. परवा त्यांच्या ग्रुपवर मेसेज आला की अमुक तारखेला सगळ्यांनी आजारी असल्याचं कळवायचं. त्याने मला विचारलं, ‘आई, उद्या सिक टाकू का?’ मी काय सांगायला हवं होतं?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, त्याने हे तुम्हाला विचारलं हीच मोठी गोष्ट आहे. आमच्या पेशातली मुलं घरी फारसं बोलत नाहीत.

आधी स्पष्ट सांगते. खोटं आजारपण त्याने कळवू नये. त्याचं म्हणणं खरं असेल तर खोट्या कागदाने ते बाद होईल. सप्टेंबर २००९ मला चांगला आठवतो. जेट एअरवेजच्या पायलटांनी संघटना काढली, कंपनीने दोघांना कामावरून काढलं आणि ८ सप्टेंबरपासून चारशेवर पायलटांनी एकदम आजारी असल्याचं कळवलं. पाच दिवस मुंबई विमानतळावर माणसं बॅगांवर बसून होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. शेवटी तडजोड झाली, काढलेल्यांना परत घेतलं. ते बघून पुष्कळांना वाटलं, हा रस्ता चालतो. पण २०१२मध्ये एअर इंडियाच्या पायलटांनीही असंच एकदम आजारी असल्याचं कळवलं आणि तो संप ५८ दिवस चालला. नव्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण कुणाला द्यायचं, हा त्याचा मुळातला वाद. २००७मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स कागदावर एक झाल्या, पण पायलटांची ज्येष्ठता, पगार, बढत्या तशाच दोन चुलींवर राहिल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवला, शंभरावर लोकांना काढलं आणि बाकीचे लेखी हमी देऊन कामावर परतले. हत्यार तेच होतं, निकाल उलटा लागला.

आता कायदाही बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात, निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संपच धरला जातो, आणि संपाला चौदा दिवसांची नोटीस लागते. पायलट त्या व्याख्येत ‘कामगार’ बसतो की नाही, यावर वकील कायम भांडतात. तुमच्या मुलाने ग्रुपवरच्या मेसेजवर विसंबू नये, संघटनेच्या वकिलाला स्वतः विचारावं.

हे झालं खोट्या आजारपणाचं. खऱ्या थकव्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे मी त्याच्या पाठीशी पूर्ण उभी आहे. आपण थकलो आहोत हे ठाऊक असताना पायलटने विमान उडवायचं नाही, असं डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाच्या नियमातच आहे. कंपनीनेही त्याला पाठवायचं नाही. ‘सिक’ आणि ‘फटीग’ हे दोन वेगळे शब्द आहेत, दोन्हींचे फॉर्म वेगळे. तो थकला असेल तर त्याने फटीग रिपोर्ट भरावा.

माझा अनुभव सांगते, कंपनीचं नाव घेत नाही. सलग चौथी पहाट होती. पिक-अप, म्हणजे न्यायला येणारी कंपनीची गाडी, रात्री १:४०ला. तिसऱ्या सेक्टरला, म्हणजे त्या ड्यूटीतल्या तिसऱ्या उड्डाणात, आम्ही उतरणीला लागलो होतो. कंट्रोलरने नवी उंची दिली, शेजारच्या मुलाने ती परत म्हटली आणि नियमाप्रमाणे माझ्या दुजोऱ्याची वाट बघितली. माझी नजर अल्टिमीटरवर, उंची दाखवणाऱ्या काट्यावर होती. आकडे दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. तीन-चार सेकंद गेले असतील. त्याने ‘मॅम?’ म्हटलं तेव्हा मी भानावर आले. विमान व्यवस्थित उतरलं, मागे बसलेल्या एकालाही काही कळलं नाही. हॉटेलवर गेल्यावर बूटसुद्धा न काढता मी तो फॉर्म भरला.

आठ दिवसांनी ऑफिसात बोलावणं आलं. समोरच्या साहेबांनी माझं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक काढून दाखवलं. सगळं नियमात बसत होतं, एक मिनिटही जास्त नव्हतं. मग विचारलं, ‘बाकी कुणाला त्रास होत नाही, तुम्हालाच कसा होतो?’ पुढच्या महिन्यात माझ्या वाट्याला आणखी पहाटा आल्या. तो योगायोग असेलही. मात्र त्यानंतर दोन वर्षं मी एकही फटीग रिपोर्ट भरला नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते. मी गप्प बसले म्हणून माझ्या मागून आलेल्या पोरांनाही तोच प्रश्न ऐकावा लागला.

म्हणून त्याला सांगा, रिपोर्ट भरताना आकडे लिही. आदल्या तीन रात्री किती तास झोप झाली, पिक-अप किती वाजता होता, ड्यूटी कितीनं लांबली. डायरी ठेव. एकट्याने भरला तर तो त्या माणसाचा स्वभाव ठरतो, बेसवरच्या तीस जणांनी आपापल्या खऱ्या दिवशी भरला तर रोस्टरचा दोष ठरतो. कंपन्यांना आता अशा रिपोर्टांचा तिमाही हिशेब डीजीसीएला द्यावा लागतो.

आणि ताई, घरातलं एक. तो सुट्टीवर असताना दुपारी पाहुण्यांना भेटायला त्याला उठवू नका. त्याच्या खोलीला जाड, गडद पडदे लावा. कर्जाचा विषय तो स्वतःहून काढेपर्यंत काढू नका. तो विषय त्याच्या डोक्यातून एक मिनिटही जात नसणार.

प्रश्न : डिसेंबरात पुणे विमानतळावर मी चौदा तास बसलो. भाचीचं लग्न हुकलं. लाखांनी पगार घेणाऱ्या पायलटांना जास्त विश्रांती हवी म्हणून सामान्य माणसाने भोगायचं का?
— एक प्रवासी, कोल्हापूर

उत्तर : भाचीचं लग्न परत येत नाही, तुमचा राग मला पटतो. पण तो कुठे जायला हवा ते बघा.

पायलटांच्या ड्यूटी आणि विश्रांतीचे ते नवे नियम डिसेंबरात आकाशातून पडले नव्हते. डीजीसीएने ते जानेवारी २०२४मध्ये जाहीर केले. जूनपासून लागू व्हायचे होते, कंपन्यांच्या आग्रहाने लांबले. पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे पहिला टप्पा १ जुलै २०२५ला आणि दुसरा १ नोव्हेंबरला लागू झाला. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली. ‘रात्र’ पहाटे पाचला संपायची ती सहाला संपू लागली. रात्रीच्या ड्यूटीत विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. हे झालं की तेवढ्याच उड्डाणांना जास्त पायलट लागणार, हे कागद-पेन्सिल घेऊन कुणीही मांडू शकतं. हाताशी पावणेदोन वर्षं होती. ५ डिसेंबरला एका दिवसात एकट्या इंडिगोची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली, आणि त्याच दिवशी सरकारने त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सूट दिली. तयारी कंपनीने केली नाही आणि सवलतही कंपनीलाच मिळाली. मला सगळ्यात जास्त दुःख याचं झालं.

पहाटेच्या एका तासासाठी एवढं का भांडायचं, असं तुम्ही विचाराल. २२ मे २०१०. दुबईहून रात्री निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान पहाटे सहाच्या सुमारास मंगळूरला धावपट्टीवरून पुढे गेलं आणि दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये कमांडरच्या घोरण्याचा आवाज होता. झोपेतून जागं झाल्यावर डोकं जड असतं, निर्णय चुकतात, असं चौकशीच्या अहवालात म्हटलं आहे. शरीराला सगळ्यात जास्त झोप येते ती पहाटे दोन ते सहा. एसटीच्या रातराणीच्या ड्रायव्हरला विचारा, तोही हेच सांगेल.

पगाराचंही सांगते. मोठा असतो, नाकारत नाही. पण अनेक कंपन्यांत त्याचा एक भाग उडवलेल्या तासांवर असतो, आणि ते तास विमान हलल्यापासून मोजतात. तुम्ही चौदा तास बसलात तेव्हा एखादा क्रूही आत युनिफॉर्ममध्ये ताटकळत बसला असणार. त्यात त्याचे ड्यूटीचे नियमातले तास संपतात, आणि तुमचं विमान पुन्हा रद्द होतं.

एक विनंती. पुढच्या वेळी काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका. तिच्या हातात स्क्रीनवर दिसतं त्याहून जास्त काही नसतं. बुकिंग, बोर्डिंग पास, रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा, तिथूनच लेखी तक्रार करा आणि ग्राहक आयोगाकडे जा.

प्रश्न : मी क्रू शेड्युलिंगमध्ये, म्हणजे कुठल्या विमानावर कोण जाणार हे लावणाऱ्या विभागात आहे. रात्री तीनला स्टँडबाय, म्हणजे ऐनवेळी लागला तर म्हणून राखीव ठेवलेल्या पायलटला आम्हीच फोन लावतो आणि शिव्याही आम्हीच खातो. वरून एकच सांगतात, फ्लाइट गेली पाहिजे. आम्ही मॅनेजमेंट आहोत का?
— एक कर्मचारी, वसई

उत्तर : नाही. आणि मला तुमची माफी मागायची आहे. मीही अशा फोनवर आवाज चढवला आहे. पलीकडचा मुलगा स्वतः रात्रपाळीत आहे, त्याच्या टेबलावरचे दुसरे तीन फोन वाजत आहेत, हे तेव्हा मनात येत नसे.

तुम्हाला हे माझ्याहून चांगलं माहीत आहे की रोस्टर सॉफ्टवेअर बनवतं, आणि त्याला नियमातली शेवटची रेघ दिलेली असते. तेरा तासांची परवानगी असली की ते पावणेतेरा तास भरतं. आपत्तीच्या दिवसासाठी ठेवलेली जागा ते रोजच वापरून टाकतं. मग धुकं पडलं, एक विमान उशिरा आलं की जोडलेलं सगळं उसवतं आणि तुमचा फोन सुरू होतो. किती स्टँडबाय पायलट ठेवायचे, हे ठरवणारे लोक तीन वाजता झोपलेले असतात. शिफ्टच्या शेवटी एक ओळ लिहून वर पाठवत जा : आज स्टँडबाय किती होते, किती वापरले, किती वाजता संपले. रोज पाठवा, प्रत स्वतःकडे ठेवा. पायलटांच्या संघटनांनी तुमच्याशी बोलायला हवं होतं, ते कधी केलं नाही. ही आमची चूक आहे.

प्रश्न : मी बारावीला आहे. पायलट व्हायचंय. पण हे सगळं वाचून घरचे घाबरलेत. बाँड, नोटीस पीरियड हे काय असतं?
— एक विद्यार्थिनी, अहिल्यानगर

उत्तर : तू हो पायलट. पावसाळ्यात सह्याद्रीवरचे ढग फोडून वर ऊन लागतं ना, ते मला अजून स्वप्नात दिसतं.

पण डोळे उघडे ठेव. कमर्शियल लायसन्सला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यानंतर एखाद्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच प्रकारचं विमान उडवण्याची वेगळी परवानगी. सगळं मिळून खर्च पुष्कळ लाखांत जातो. कंपनी प्रशिक्षण देते तेव्हा बाँड लिहून घेते, मध्येच सोडलं तर रक्कम भरायची. नोटीसची अटही मोठी आहे : डीजीसीएच्या २०१७च्या नियमाप्रमाणे कमांडरला एक वर्ष, फर्स्ट ऑफिसरला सहा महिने. पायलटांनी त्याला कोर्टात आव्हान दिलं आहे. २०२३मध्ये आकासा एअरचे ४३ पायलट नोटीस पूर्ण न करता गेले आणि कंपनीने त्यांच्यातल्या काहींवर दावे लावले. दुसरी बाजूही ऐक. १७ एप्रिल २०१९ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं, तेव्हा पायलटांचे काही महिन्यांचे पगार थकलेले होते. कंपनी एका रात्रीत थांबली, तिला नोटीस पीरियड नव्हता.

म्हणून सही करण्याआधी करार वकिलाकडून वाचून घे. आणि ज्या कंपनीत जायचं आहे तिथल्या एखाद्या फर्स्ट ऑफिसरला गाठ, त्याचं मागच्या तीन महिन्यांचं रोस्टर बघायला माग. त्यात पहाटेचे पिक-अप पेन्सिलने मोज, मग आई-बाबांना शेजारी बसवून तो आकडा दाखव.