टॅली आणि जीएसटीच्या कामाला डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप?

पाच-सहा दुकानदारांचे हिशेब तुम्ही घरून टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, बघता, आठवड्यातून एखादी फेरी पार्टीकडे, म्हणजे त्यातल्या एखाद्या दुकानदाराकडे, होते आणि आता नवीन मशिन घ्यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहितो. दोन्ही वापरून झालंय, आणि पहिल्यांदा चुकीचंच घेतलं होतं.

लॅपटॉप घेतला होता. कुठंही बसून काम करता येईल, ही हौस. पहिले पंधरा दिवस पलंगावर, गॅलरीत, एकदा तर मेव्हण्याच्या लग्नात जानवसघरातसुद्धा उघडला. पुढची तीन वर्षं तो टेबलाच्या एकाच कोपऱ्यात चार्जर लावून पडून होता. म्हणजे झाला डेस्कटॉपच, फक्त बारक्या स्क्रीनचा आणि मान मोडणारा.

खरा त्रास कीबोर्डचा. टॅलीत दिवसभर बोटं वरच्या ओळीवर असतात: एफ5 पेमेंट, एफ6 रिसीट, एफ8 सेल्स, एफ9 पर्चेस. बऱ्याच लॅपटॉपवर त्याच बटणांवर आवाज आणि ब्राइटनेस बसवलेला असतो. मी रिसीट टाकायला जायचो आणि स्क्रीन अंधारायची. एफएन बटण लॉक केलं की ते सुटतं म्हणा, पण नंबर पॅडचं काय? 14 इंची लॅपटॉपला तो बहुतेक नसतोच. सुताची दीडशे बिलं चढवताना वरच्या ओळीतले आकडे बघून बघून मारायचे, म्हणजे एकदा बिल, एकदा कीबोर्ड, एकदा स्क्रीन, आणि शेवटी कुठंतरी 6 चा 9. उजव्या हाताखाली नंबर पॅड असला की नजर बिलावरून हलत नाही.

दुसरं स्क्रीनचं. 20 तारीख जवळ आली की 3बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरण्याआधी जीएसटी पोर्टलवरचं 2बी (विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी) आणि आपलं पर्चेस रजिस्टर शेजारी शेजारी लागतं. आता 24 इंची मॉनिटरवर एका बाजूला टॅली, दुसऱ्या बाजूला एक्सेल. लॅपटॉपलाही बाहेरून मॉनिटर आणि कीबोर्ड जोडता येतो, नाही असं नाही. मीही जोडला होता. पण मग लॅपटॉपचे पैसे नेमके कशाचे दिले, हे बायकोनं विचारलं तेव्हा उत्तर नव्हतं.

डेस्कटॉपचं दुखणं एकच, लाइट. नवा आणला तेव्हा घरात इन्व्हर्टर आहेच म्हणून यूपीएस घेतला नाही. आठव्या दिवशी भरदुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरवर यायला जो क्षणभर लागतो तेवढ्यात मशिन रिस्टार्ट, आणि टॅलीतली एका पार्टीची कंपनी, म्हणजे तिच्या हिशेबाची फाइल, उघडेचना. अर्धा दिवस बिघडलेला डेटा रीराइट करून दुरुस्त करण्यात गेला. संध्याकाळी 600 व्हीएचा यूपीएस आणला. साध्या डेस्कटॉपला तो दहा-पंधरा मिनिटं देतो, सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी पुरतात. दोन-तीन वर्षांनी त्याची बॅटरी बदलावी लागते, तो खर्च धरूनच चला. विजेच्या बिलाची फार धास्ती नको. असं मशिन मॉनिटरसकट साधारण 80 वॅट घेतं असं धरलं, तर आठ तासांना पाऊण युनिटसुद्धा होत नाही.

कंपन्यांतून निघालेले जुने डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण प्रोसेसर कितव्या जनरेशनचा ते विचारा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत नाहीत. दुकानदार ‘तरी विंडोज 11 टाकून देतो की’ म्हणेल. नका टाकून घेऊ. वायफाय आणि कॅमेरा आहे का तेही बघा, बऱ्याच डेस्कटॉपला दोन्ही नसतात.

आता पार्टीकडच्या फेरीबद्दल. टॅलीचं सिल्व्हर लायसन्स एका मशिनचं असतं. सरेंडर करून दुसऱ्यावर अ‍ॅक्टिव्हेट करता येतं, पण ते दर आठवड्याला कोण करणार? मी बिलं आणि स्टेटमेंट घेऊन येतो आणि एंट्र्या घरी करतो. तुम्हाला तिथंच बसून काम उरकावं लागत असेल, किंवा घरात जेवणाचं टेबल हेच कामाचं टेबल असेल आणि मुलं शाळेतून आली की आवरून ठेवावं लागत असेल, तर मात्र सरळ लॅपटॉप घ्या, 15.6 इंची, नंबर पॅडवाला.

घाई नसेल तर आठ दिवस एक करा. काम कुठं बसून केलं ते रोज कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहा. टेबल, टेबल, टेबल, पार्टी, टेबल असं दिसलं तर डेस्कटॉपच. आणि तुमच्याकडे लाइट दिवसातून किती वेळा, किती वेळ जाते ते इथं कळवा, म्हणजे यूपीएस केवढा लागेल ते सांगतो.