चटणी-मसाल्याच्या छोट्या धंद्यासाठी क्रेडिट कार्ड घ्यावं का? घेतलं तर त्यावर काय घ्यावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की घरगुती कांदा-लसूण चटणीचा धंदा आता कोल्हापुरात राजारामपुरीत गाळ्यावर आणलाय, महिन्याला दीडेक लाखाची खरेदी होते, बँकेचे कार्डसाठी सारखे फोन येतात, तर मिरची, लसूण, पॅकिंग सगळंच कार्डावर घ्यावं का आणि बिझनेस कार्ड घ्यावं की साधं. मी मसाल्यातला नाही, शिवाजी उद्यमनगरात माझं एक लेथ आणि दोन सीएनसी मशीनचं वर्कशॉप आहे, पण नऊ वर्षं धंद्यासाठी कार्ड वापरतोय आणि एकदा चांगला पोळलोय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

कार्ड घ्या. पण मिरची त्यावर घेऊ नका.

कारण सांगतो. कार्डाचे पैसे तुम्हाला वापरायला मिळतात फार तर ५० दिवस. समजा बिल दर महिन्याच्या ५ तारखेला बनतं आणि भरायची शेवटची तारीख २५. मग ६ मार्चला घेतलेला माल ५ एप्रिलच्या बिलात येतो आणि २५ एप्रिलला भरायचा, म्हणजे ५० दिवस बिनव्याजी. पण तोच माल ४ एप्रिलला घेतला तर त्याच बिलात बसतो आणि हातात उरतात २१ दिवस. आता तुमचा माल बघा. गडहिंग्लजची संकेश्वरी मिरची असो नाहीतर ब्याडगी, तुम्ही ती उन्हाळ्याच्या तोंडाला भरून ठेवता, डंकावर कुटून चटणी मात्र पार दिवाळीच्या पुढं विकत राहता. सहा-आठ महिन्यांनी सुटणारा पैसा आणि दीड महिन्यात फेडायचं कर्ज, याचा मेळ बसतच नाही, कितीही हिशेब मांडा.

न फेडल्यावर काय होतं ते लोकांना माहीत असतं पण आकडा डोळ्यासमोर नसतो. व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आपल्याकडं सावकार शेकडा तीन म्हणाला तर आपण उठून येतो, आणि हे त्याच्याही वर आहे, वर्षाला ४२ टक्के, शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. एक लाखाची मिरची सहा महिने कार्डावर ओढली तर व्याज आणि जीएसटी धरून २४-२५ हजार जातात. तेच एक लाख सीसीवर (कॅश क्रेडिट, म्हणजे बँक धंद्याला ठराविक मर्यादेपर्यंत पाहिजे तसं उचलायला देते ते कर्ज) १०-११ टक्क्यांनी उचलले तर सहा महिन्यांचे पाच-साडेपाच हजार, आणि सीसीत जेवढी रक्कम जेवढे दिवस वापरली तेवढ्याचंच व्याज लागतं. म्हणून मिरचीसाठी सीसी किंवा मुद्रा लोन (छोट्या धंद्यांसाठीची सरकारी कर्ज योजना) बघा, मुद्रात किशोर म्हणून प्रकार आहे, ५० हजाराच्या वर ते ५ लाखापर्यंत, तारण लागत नाही.

माझं काय झालं ते सांगतो म्हणजे तुमच्या बाबतीत तसं होऊ नये. बँकेचा पोरगा वर्कशॉपवर फॉर्म घेऊन आला, मी ऑटोपे (बिल खात्यातून आपोआप कटायची सोय) पाहिजे म्हटलं, त्यानं फॉर्म भरला, मी सही केली. त्या फॉर्मवर दोन चौकटी असतात, पूर्ण रक्कम किंवा मिनिमम ड्यू, आणि टिक होती मिनिममवर. मी तीन महिने समजत होतो की बिल भरलं जातंय कारण खात्यातून पैसे कटल्याचा मेसेज यायचा, रक्कम नीट बघितलीच नाही, त्या दिवसांत एका पार्टीचं पेमेंट अडकलं होतं आणि माझं सगळं लक्ष तिकडं. मिनिमम म्हणजे बिलाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. ८६ हजाराचं बिल होतं, कटले ४,३०० आणि बाकीच्यावर व्याज सुरू. एवढंच असतं तर ठीक, पण एकदा बाकी राहिली की पुढच्या नव्या खरेदीलाही ती बिनव्याजी मुदत मिळत नाही, घेतल्या दिवसापासून व्याज. टूल-इन्सर्ट, कटिंग ऑइल, कुरिअर, सगळ्यावर. तिसऱ्या महिन्यात बायकोनं स्टेटमेंट हातात घेऊन ओळ न् ओळ वाचली तेव्हा कळलं. तेव्हा बायकोचे सोन्याचे दागिने ठेवून बाकी बंद केली, आजही ते आठवलं की वाईट वाटतं. म्हणून ऑटोपे नक्की लावा, पण चौकट स्वतः बघा, आणि पहिल्या महिन्यात कटलेली रक्कम बिलाशी जुळवून बघा.

मग कार्डावर काय घ्यायचं? ज्याचा पैसा महिनाभरात फिरून येतो ते. पाऊच, लेबलं, बरण्या, कुरिअर, इंटरनेटवरच्या जाहिराती, लाइटबिल, टेम्पोचं डिझेल. लसूण आणि खोबरं तुम्ही दर आठवड्याला आणत असाल तर तेही चालेल, पण व्यापारी कार्डाला दोन टक्के जादा लावतो का आधी विचारा. दोन टक्के देऊन ४५ दिवस मिळाले म्हणजे वर्षाला १६ टक्क्यांनी पैसे उचलल्यासारखं आहे, आणि पॉइंट मिळून मिळून एखादा टक्का मिळणार. त्यापेक्षा रोखीत भाव पाडून घ्या. (रोखीत म्हणजे यूपीआय किंवा एनईएफटी म्हणतोय मी, एका दिवसात एकाच माणसाला १० हजाराच्या वर कॅश दिली तर तो खर्च इन्कम टॅक्सला धरता येत नाही.)

लक्ष्मीपुरीत बऱ्याच दुकानात स्वाइप मशीन नसतं पण क्यूआर असतो, त्यामुळं रुपे कार्ड घेतलं तर बरं, ते २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. फक्त दुकानाच्या क्यूआरवर चालतं, कुणाच्या खासगी नंबरवर पैसे टाकता येत नाहीत.

बिझनेस की साधं, तर तुमची प्रोप्रायटरी फर्म आहे, तेव्हा नाव फर्मचं असलं तरी बुडालं तर जबाबदारी तुमचीच आणि सिबिल (कर्ज फेडण्याच्या सवयीचा स्कोअर) पण तुमचंच बघतात. तरी मी बिझनेस कार्डच सांगेन. बऱ्याच बँकांच्या साध्या कार्डाच्या अटीत धंद्यासाठी वापरू नये असं लिहिलेलं असतं, मोठे व्यवहार दिसले की कार्ड अडवतात, आणि ते नेमकं ऐन सणात होतं. शिवाय बिझनेस कार्डाला जीएसटी नंबर जोडला की वार्षिक फीवरचा जीएसटी आपण भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो. रिटर्न भरलेले नसतील म्हणून बिझनेस कार्ड मिळालं नाही तर एफडी तारण ठेवून मिळणारं कार्ड घ्या, ते बहुतेकांना मिळतं, फक्त त्यावर घरातला किराणा आणि पोरांच्या फिया घालू नका, मार्चला सीएकडं बसल्यावर वेगळं काढता काढता जीव जातो.

लिमिट मोठं मागा आणि वापरा कमी, तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहिलं तर सिबिलला बरं, आणि पुढं सीसी मागायला जाल तेव्हा तोच स्कोअर बघणार आहेत.

आणि एक कळकळीनं सांगतो. आपल्याच दुकानाच्या मशीनवर आपलं कार्ड घासून कॅश काढू नका, किंवा दोन-तीन टक्के घेऊन कॅश देणाऱ्याकडं जाऊ नका. आमच्या गल्लीत दोघंजण हे करायचे, एकाचं कार्ड आणि मशीन दोन्ही बंद झालं. माल न विकता बिल दाखवणं आहे ते. एटीएममधून काढले तर अडीच टक्क्यांच्या आसपास फी आणि पहिल्या दिवसापासून व्याज, तेही नको.

इन्कम टॅक्सचं पण ध्यानात ठेवा, वर्षभरात कार्डाची बिलं १० लाखाच्या वर भरली की बँक ते इन्कम टॅक्स खात्याला कळवते, कॅशनं भरली तर १ लाखालाच. तुमची दीड लाखाची खरेदी सगळी कार्डावर गेली तर वर्षाला १८ लाख होतात, आणि रिटर्नमध्ये उलाढाल ६ लाख दाखवली असेल तर विचारणा येणारच.

तुम्ही म्हणालात दुकानदारांची वसुली १० ते १५ तारखेला होते. मग भरायची तारीख २० च्या पुढची मागा. बिलाची तारीख निदान एकदा तरी बदलून द्यावीच लागते, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, फोनवर नाही म्हणाले तर मेल टाका. आणि सीसी-मुद्राचा अर्ज आत्ताच टाका, उद्यम सर्टिफिकेट (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं), फूड लायसन्स, करंट खात्याचं वर्षाचं स्टेटमेंट आणि गाळ्याचं भाडेपत्र घेऊन जा, बँकेला मंजुरीला दीड-दोन महिने सहज लागतात आणि मिरचीची आवक तोवर थांबत नाही.