पत्र तुमचं, हिशेब माझा

नेहमीचा खुलासा आधी उरकते. मी डॉक्टर नाही, वकील नाही. ३२ वर्षं दुसऱ्यांचे जमाखर्च लिहिण्यात गेली, त्यामुळे कुणीही दुखणं सांगायला लागलं की माझ्या तोंडून आधी ‘आकडा काय?’ असंच निघतं. घरचे वैतागतात. तुम्ही मात्र पत्रं पाठवत राहता, तेव्हा चूक अर्धी तुमची.

प्रश्न : क्रेडिट कार्डावर बरीच थकबाकी साचली आहे. दर महिन्याला ‘किमान देय रक्कम’ भरतो, एकदाही उशीर केलेला नाही. तरी बाकी हलायला तयार नाही. पगार बरा आहे. बायकोला यातलं काही माहीत नाही. हल्ली रात्री तीन वाजता जाग येते ती येतेच. – नाव छापू नये

उत्तर : ‘एकदाही उशीर केलेला नाही’ हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलं होतंत. छापताना मी एकदाच ठेवलं. तुमची गफलत नेमकी तिथेच आहे. वेळेवर भरणं आणि फेडणं ही दोन वेगळी कामं, आणि तुम्ही पहिलं मन लावून करताय.

व्याजाचा दर तुम्ही लिहिला नाही, म्हणून मी महिन्याला ३ टक्के धरते आणि किमान भरणा बाकीच्या ५ टक्के. तुमचे आकडे घालून पुन्हा मांडा, चित्र फारसं बदलणार नाही. बाकी १०० समजा. महिन्याचं व्याज चढून १०३ झाली. त्यातले तुम्ही ५.१५ भरले. उरले ९७.८५. असं वर्षभर केलंत की तुमच्या खिशातून ५५ गेले आणि बाकी उरली ७७. म्हणजे ५५ मधले ३२ नुसते व्याजात गेले. बाकी निम्म्यावर यायला ३२ महिने लागतील, तेही या काळात कार्डावर एकही नवी खरेदी केली नाही तर. शिवाय मागची बाकी उभी असली की नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस सहसा मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. महिन्याला ३ म्हणजे वर्षाला ३६ असं वाटतं, पण व्याजावर व्याज चढून तो आकडा ४२ च्या पुढे जातो.

खरी मेख अशी, की बाकी कमी झाली की किमान रक्कमही कमी होते. तुम्हाला वाटतं ओझं हलकं होतंय. प्रत्यक्षात तुमचा फेडण्याचा वेग मंदावतो. तेव्हा एवढंच करा, भरण्याचा आकडा बाकीबरोबर उतरू देऊ नका. याच हिशेबात दर महिन्याला ठरवून ६ भरलेत, तर २४व्या हप्त्याला खातं शून्य होतं. पहिल्या महिन्यातला फरक बघा, ५.१५ च्या जागी ६. एकने सुद्धा वाढ नाही. तोवर कार्ड कपाटात. कमी व्याजाचं साधं कर्ज मिळत असेल तर ते घेऊन हे एकदम मिटवणं आणखी चांगलं, पण मग मोकळं झालेलं कार्ड पुन्हा भरायचं नाही. असं कर्ज घेऊन वर्षभरात दोन्हीकडून अडकलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

बायकोला सांगा. आधी कागदावर २४ महिन्यांचा तक्ता मांडा, मग तिच्यासमोर बसा. ती रागावेल. रागावू दे. नुसतं कर्ज ऐकलं की माणूस घाबरतो, शेवटची तारीख लिहिलेलं कर्ज ऐकलं की भांडतो. भांडण परवडलं. रात्री तीनला जाग येते त्याबद्दल मला काही कळत नाही, पण तक्ता झाल्यावरही ती टिकली तर डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : माझं वय ६१. सुनेनं मनगटावरचं घड्याळ दिलंय, ते पावलं मोजतं. रोज १०,००० व्हायलाच हवीत म्हणे. माझी साडेपाच-सहा हजारांवर अडतात. रात्री अकराला मी बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत येरझाऱ्या घालते आणि हे खुर्चीतून ‘अजून किती?’ विचारतात. गुडघा दुखतो. – पायपीट करणारी

उत्तर : बाई, आधी बसा.

हा १०,००० आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव खपलं आणि आकडा साऱ्या जगाच्या मनगटावर येऊन बसला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत १६ हजारांहून जास्त वयस्क बायकांची पावलं मोजून एक अभ्यास छापून आला. सरासरी वय ७२. रोज २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, ते ७,५०० पर्यंत आणखी कमी होत गेलं आणि पुढे रेघ सपाट झाली. तुमच्या साडेपाच-सहा हजारांना लाजण्यासारखं त्यात काही नाही. गुडघा दाखवून घ्या. सुनेला हे सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. घड्याळ प्रेमानं दिलंय.

प्रश्न : निवृत्त माणूस आहे. एक संकेतस्थळ दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावतं. मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, मागचे पाच चालणार नाहीत. मी सगळे वहीत लिहून ठेवतो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, याहून धोक्याचं काही नाही.’ खरं का? – वहीवाला

उत्तर : नाही. वहीचोराला तुमच्या घरात यावं लागतं, कपाट उघडावं लागतं आणि तुमचं अक्षर लागावं लागतं. पासवर्ड चोरणारे बहुतेक जण तुम्हाला कधी दिसणारही नाहीत इतके लांब असतात. वही ठेवा, फक्त घरातच ठेवा. कार्डाचा पिन पाकिटात नको.

दर ९० दिवसांच्या छळाची कुळकथा मजेशीर आहे. २००३ मध्ये अमेरिकेच्या मानक-मोजमाप संस्थेत, निस्टमध्ये, बिल बर नावाच्या अधिकाऱ्यानं पासवर्डविषयी सूचना लिहिल्या. चिन्हं घाला, अधूनमधून बदला वगैरे. जगभरच्या कार्यालयांनी त्या उचलल्या. २०१७ मध्ये संस्थेनं स्वतःच सांगितलं, की कारण नसताना ठरावीक मुदतीनं बदलायची सक्ती करू नका. बर यांनीही आपल्या बऱ्याचशा सल्ल्याचा पश्चात्ताप होतो असं त्याच वर्षी जाहीर बोलून दाखवलं. कारण उघड आहे. सक्तीनं बदलायला लावलं की माणूस शेवटच्या १ चा २ करतो. तुम्ही करता ना? मीही करते.

धोका आहे तो एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यात. एक जागा फुटली की सगळी दारं उघडी. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांबलचक पासवर्ड करा, प्रत्येक महत्त्वाच्या खात्याला वेगळा, आणि ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका. मुलगा आहे असं म्हणणाऱ्या आवाजालाही नाही.

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे. त्यांना हवं तेव्हाच ऐकू येतं. मी हाक मारली तर नाही, आणि आम्ही त्यांच्याबद्दल काही बोललो तर लगेच. टीव्ही इतका मोठा की मुलांचा अभ्यास होत नाही. मोठ्यानं बोललं तर म्हणतात, ‘ओरडतेस कशाला? मी बहिरा नाही.’ डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. रोज संध्याकाळी माझं त्यांच्याशी वाजतं आणि नंतर मलाच वाईट वाटतं. – एक लेक

उत्तर : तुझ्या पत्राला मी सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण हे माझ्या घरी घडून गेलंय आणि त्यात मी वाईट वागले होते.

माझे वडील घरखर्चाची वही लिहायचे. एकदा मी आतून ओरडून सांगितलं, ‘साठ लिहा.’ त्यांनी ‘आठ’ लिहिलं. महिनाअखेरीला ताळा जुळेना. वही माझ्या हाती आली आणि मी, हिशेबनीस बाई, त्यांच्यावर घसरले. लक्ष नसतं तुमचं, म्हणाले. ते म्हणाले, ‘तू आठच म्हणालीस.’ आम्ही तीन दिवस बोललो नाही. त्यांना खरोखरच ‘आठ’ ऐकू आलं होतं हे मला पुढे कळलं.

आता साठ आणि आठ म्हणून बघ. फरक फक्त ‘स’चा. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे आवाज बारीक आणि नाजूक, उंच पट्टीतले. ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ हे स्वर दणकट, खालच्या पट्टीतले. वय झालं की कान वरच्या पट्टीकडून झिजतो. कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, प्रत्येक कानात जेमतेम पंधरा-सोळा हजार, आणि गेलेली पेशी माणसात परत उगवत नाही. त्यामुळे अशा माणसाला तुझा आवाज ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून ते ‘मी बहिरा नाही’ म्हणतात आणि त्यांच्या परीनं ते खरं असतं.

ओरडल्यानं काय होतं? स्वर आणखी मोठे होतात, ‘स’ होता तिथेच राहतो. वर अशा कानाला मोठा आवाज एकाएकी बोचायला लागतो. म्हणजे ‘काय?’ आणि ‘ओरडतेस कशाला?’ यांच्यामध्ये फार कमी जागा उरते.

‘हवं तेव्हाच’ याचंही उत्तर यात आहे. शांत खोली, समोर चेहरा, ओळखीचा विषय असला की मेंदू गाळलेल्या जागा भरतो. स्वतःचं नाव तर कुणीही पकडतं. नळ चालू ठेवून, पाठ फिरवून, दुसऱ्या खोलीतून मारलेली हाक मात्र जाते.

म्हणून आजपासून : आधी त्यांच्यासमोर जा, मग बोल. तोंडावर उजेड हवा, ओठ दिसले पाहिजेत. सावकाश बोल. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य वाढत्या आवाजात तीनदा नको, शब्द बदल. टीव्हीला खाली अक्षरं येण्याची सोय असेल तर ती चालू कर.

तपासणीचं नाव काढताना ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ असं म्हणू नकोस. ‘कानात मळ असेल, काढून घेऊ’ म्हण. ही थाप नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी तेच बघतात आणि कधी कधी निघतोही तेवढाच. मग ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं याचा आलेख. त्या आलेखात डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक, आणि रेघ जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. वडिलांची रेघ उजवीकडे घसरगुंडीसारखी गेलेली पाहिली आणि मला ती वही आठवली.

उशीर करू नकोस. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०१७, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही अहवालांत, स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर काही करता येतं त्यांत श्रवणदोष धरला आहे. आणि एखाद्याला एका कानानं अचानक, तासा-दिवसांत ऐकू येईनासं झालं तर ते वय नव्हे. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

ऐकण्याचं मशीन बसवलं तरी पहिल्याच दिवशी सगळं सुरळीत होत नाही. इतक्या वर्षांनी आलेले आवाज ओळखायला मेंदूला काही आठवडे लागतात आणि पुष्कळ मशिनं त्याच आठवड्यांत खणात जातात. माझे वडील पहिल्या संध्याकाळी मशीन लावून बसले आणि दहा मिनिटांत उठून सगळ्या खोल्या हिंडून आले. काहीतरी टकटक वाजतंय म्हणाले. भिंतीवरचं घड्याळ होतं ते, त्यांनीच घेतलेलं. आठवडाभरानं ते त्यांनी मला दुसऱ्या खोलीत न्यायला लावलं, झोप मोडते म्हणून.