लॅबमध्ये पिकवलेलं बीज, बाळ धड होईल ना?

कागलकडचं जोडपं कोल्हापुरात माझ्याकडं आलेलं, सोबत सासूबाई (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत). सुनेला पीसीओएस, म्हणजे बीजकोशात खूप कच्ची बीजं साठतात आणि पाळी बिघडते, मागं आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीची) इंजेक्शनं घेतल्यावर पोटात पाणी होऊन ॲडमिट करावं लागलेलं. आता डॉक्टरांनी आयव्हीएम सुचवलेलं, म्हणजे बीज कच्चं असतानाच काढायचं आणि लॅबमध्ये पक्कं करायचं. सासूबाई थेट म्हणाल्या, "पावडर मारून आंबं पिकवत्यात तसलंच न्हवं का हे? पोरगं धड व्हईल न्हवं?"

हसण्यावारी नेऊ नका, राजारामपुरीतल्या इंजिनिअर मुलीपण हेच विचारतात, फक्त जरा सभ्य शब्दात. तर बीज सुनेचंच, जीन्स तिचेच, लॅब फक्त शेवटचा टप्पा सांभाळते, इन्क्युबेटरमध्ये हार्मोन असलेल्या पोषक द्रवात साधारण 24 ते 48 तास, मग बहुतेकदा इक्सीनं, म्हणजे बारीक सुईनं थेट बीजात, नवऱ्याचा शुक्राणू सोडतात आणि पुढचं सगळं आयव्हीएफसारखंच. हे काल निघालेलंही नाही, 1991 साली कोरियातल्या डॉक्टरांनी याचं पहिलं यश मांडलं, 1994 मध्ये ऑस्ट्रेलियात पीसीओएस असलेल्या बाईला तिच्याच बीजापासून मूल झालं. आजवर तपासलेल्या मुलांत व्यंगाचं प्रमाण आयव्हीएफच्या मुलांपेक्षा जास्त दिसलेलं नाही, फक्त अशी मुलं जगात अजून कमी आहेत हेही सांगते मी.

सून इतका वेळ गप्पच. मग हळूच, "मॅडम, परत तसं पोट फुगणार का?" खरी भीती ही होती बघा. यात इंजेक्शनं थोडी किंवा नसतातच, त्यामुळं तो धोका जवळजवळ जातो. पण सगळी बीजं पक्की होत नाहीत आणि यशही जरा कमी, व्हिएतनाममध्ये भरपूर बीजं असलेल्या बायकांवर झालेल्या 2020 च्या अभ्यासात पहिल्यांदा भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर बाळ झालं ते शंभरात साधारण 35 जणींना, आयव्हीएफमध्ये 43. शिवाय आता आयव्हीएफमध्येपण ट्रिगरचं (बीज काढायच्या आधी ते पक्कं करायचं शेवटचं) इंजेक्शन बदलून आणि सगळे भ्रूण फ्रीझ करून पोट फुगायचा धोका बराच कमी करता येतो, तेव्हा माझं मत असं की डॉक्टरांना आधी हे विचारा, आणि तुमच्या लॅबनं आयव्हीएम किती जणींचं केलंय, बाळं किती झाली हेपण. सगळ्या लॅबना हे जमत नाही.

सून म्हणाली टक्के कमी चालतील पण ॲडमिट नको, नवरा म्हणाला पैसे एकदाच जमतील. सासूबाई मधे बोलायला लागल्या तशी मी त्यांना चहाला बाहेर घेऊन गेले, ठरवू दे त्या दोघांना.