वर गेल्यावर काही दिसतच नाही, मग जायचं कशाला?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझा नवरा न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल्स डोंगररांगेतल्या 3500 फुटांवरच्या शिखरांच्या लिस्टच्या मागे लागलाय, शनिवार आला की पहाटे उठून दोन-अडीच तास गाडी हाणत जातो. मीही काही वेळा गेले. मी मूळची नाशिकची, त्यामुळे ट्रेक म्हणजे माझ्या डोळ्यासमोर हरिहर, रतनगड येतो, वर भन्नाट वारा आणि खाली सगळा मुलूख. इथे चार तास धापा टाकत वर जायचं आणि चारी बाजूंना झाडंच झाडं! टॉप नेमका कुठला तेही कळत नाही. यात लोकांना काय मिळतं?

उत्तर : तुमची निराशा अगदी खरी आहे, आणि टॉप कळत नाही हेही खरंय, त्याला कारण आहे. कॅटस्किल्स म्हणजे घड्या पडून उचललेले डोंगर नव्हेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेला गाळ थरावर थर साचून घट्ट झाला, मग ते अख्खं पठार वर उचललं गेलं आणि पाण्याने कापत कापत त्याचे डोंगर केले. आपला सह्याद्रीही कापलेलं पठारच, फक्त तो लाव्हाच्या थरांचा आणि हा वाळूच्या खडकाचा. त्यामुळे इथेही थोडं चढलं की आडवा कातळटप्पा लागतो, मग सपाटी, मग परत कातळ, आणि माथा बऱ्याचदा चांगला ऐसपैस सपाट असतो. त्यात सगळ्यात उंच स्लाइड माउंटन साधारण 4180 फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बराच कमी, आणि जिथे थंडीवाऱ्याने झाडं उगवायची थांबतात तेवढी उंची इथल्या एकाही शिखराला नाही, म्हणून जंगल थेट माथ्यावर चढून बसलंय.

आता लिस्टचं. 1962 साली कॅटस्किल 3500 क्लब सुरू झाला. नियम सोपा, उंची 3500 फुटांच्या वर हवी आणि शेजारच्या शिखरापासून मध्ये किमान 250 फुटांची खिंड तरी हवी नाहीतर अर्धा मैल अंतर तरी. सध्या लिस्टमध्ये 33 शिखरं आहेत, त्यातली स्लाइड, ब्लॅकहेड, बालसम आणि पँथर ही चार परत एकदा हिवाळ्यात करावी लागतात. पूर्वी 35 होती, पण ग्रॅहम आणि डबलटॉप खाजगी जमिनीवर आहेत आणि मालकांनी ती बंद केली, म्हणून क्लबने ती यादीतून काढली. नवऱ्याला सांगा, 'जाऊन येतो पटकन' म्हणून तिकडे अजिबात जायचं नाही.

आणि काय मिळतं? मला विचाराल तर जंगल मिळतं, जे बाकी कुणी तुम्हाला दाखवणार नाही. एकोणिसाव्या शतकात चामडं कमवायला हेमलॉक या सूचिपर्णी झाडाची साल लागायची, त्यापायी खालच्या उतारांवरचे हेमलॉक बेसुमार तोडले गेले, पण वरचे माथे तोडायला परवडणारे नव्हते, त्यामुळे तिथलं बरंचसं जंगल कधी कुऱ्हाड न लागलेलं आहे. पुढच्या वेळी चढताना फक्त झाडं बघत जा. खाली मेपल, बीच, यलो बर्च, मग बर्च बुटके आणि वाकडेतिकडे व्हायला लागतात, आणि साडेतीन हजारांच्या आसपास एकदम बालसम फर हे सदाहरित सूचिपर्णी झाड सुरू होतं, उजेड बदलतो, पायाखाली शेवाळ येतं, आणि वास तर असा की जॅकेटला घरी येईपर्यंत राहतो. ही हद्द दर डोंगरावर थोडी वेगळी असते आणि ती कुठे लागते हे बघायची एकदा सवय लागली की व्ह्यू नाही याचं फारसं काही वाटेनासं होतं, निदान मला तरी नाही वाटत. याच फरच्या पट्ट्यात बिकनेल्स थ्रश नावाचा छोटासा तपकिरी पक्षी घरटं करतो, 1881 मध्ये तो शास्त्राला पहिल्यांदा सापडला तो स्लाइड माउंटनवरच. हिवाळा तो कॅरिबियन बेटांवर काढतो आणि उन्हाळ्यात एवढ्या लांबून या उंच, दाट, ओल्या फरच्या जंगलात येतो. जूनमध्ये भल्या पहाटे वर असाल तर त्याचं गाणं ऐकायला मिळू शकतं. मोकळ्या कातळाच्या माथ्यावर तो कधीच येणार नाही.

एक मात्र आहे, प्रत्येक शिखर तुम्हाला आवडायलाच हवं असं काही नाही. लिस्ट नवऱ्याची आहे. बालसम कॅप आणि फ्रायडे ही बिनवाटेची शिखरं त्याला त्याच्या मित्रांबरोबर करू दे, तिथे कातळात आणि फरच्या फांद्यांत सोलून निघायला होतं, तुम्ही तुमचे डोंगर तुम्हीच निवडा.

प्रश्न : दादा/ताई, मी बिंगहॅम्टनला एमएस करतोय. ट्रेल असलेली शिखरं बऱ्यापैकी झाली, आता बिनवाटेची करायची आहेत. फोनवर जीपीएस ट्रॅक डाउनलोड केलाय, एकटा गेलो तर चालेल ना?

उत्तर : पहिल्यांदा एकट्याने नको रे, आणि नुसत्या फोनवर तर नकोच. चढताना कुठूनही चढलास तरी सगळ्या धारा माथ्याकडेच येतात, त्यामुळे माणसाला वाटतं आपल्याला जमतंय. खरी गंमत उतरताना असते, माथा सपाट, चारी बाजूंना सारखंच रान, दहा-वीस अंश जरी चुकलास तरी भलत्याच सोंडेवरून भलत्याच खोऱ्यात उतरतोस, जिथून गाडीपर्यंत डांबरी रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटर होऊ शकतात आणि फोनला रेंज नसते. म्हणून माथ्यावर पोचल्यावर आधी खाण्याचा डबा उघडायचा नाही, आधी कंपासवर उतरायची दिशा लावायची, कागदी नकाशावर बघायची, मग बस निवांत. थंडीत फोनची बॅटरी बघता बघता झोपते, तो आतल्या खिशात अंगाशी ठेव.

सुरुवात रस्क किंवा हॅलकॉटपासून कर, अंतर कमी आहे आणि बहुतेक ठिकाणी लोकांच्या पायांनी मळलेली ढोरवाट सापडते. पण ढोरवाटेवर आंधळा विश्वास नको, पुढचा माणूस चुकला असेल तर त्याच्या मागचे पन्नास जणही तिथेच चुकलेले असतात आणि वाट छान मळलेली दिसते.

उन्हाळ्यातही फुल पँट, फुल बाह्या. वुड नेटल म्हणजे खाजकुइलीची बहीणच, कमरेएवढी वाढते. फरमध्ये घुसताना डोळ्यांवर चष्मा असू दे, तुटक्या फांद्या बरोबर डोळ्याच्या उंचीवर असतात. घरी आल्यावर अंगभर गोचीड तपासायची, काखेत, गुडघ्यामागे, केसांत सगळीकडे, गोचीड चावून होणारा लाइम डिसीज हा इथे चेष्टेचा विषय नाही. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा सीझन असतो तेव्हा भडक केशरी घाल, आणि लक्षात ठेव की तेव्हा साडेचारलाच सूर्य मावळतो. आणि 3500 फुटांच्या वर शेकोटी पेटवायची नाही, तंबूही हिवाळा सोडून ठोकायचा नाही, हा सरकारी नियम आहे.

निघण्याआधी कुठल्या बाजूने चढणार, किती वाजता परत येणार हे रूममेटला लिहून देऊन जा. आईला फोनवर सांगून उपयोग नाही, ती पुण्यात बसून फक्त काळजी करणार.

प्रश्न : जूनमध्ये आई-बाबा येतायत, दोघं साठी ओलांडलेले पण रोज पर्वती चढणारे. लिस्टमधलं एक तरी शिखर त्यांना दाखवायचंय. कुठलं?

उत्तर : रोज पर्वती चढतात म्हणजे पाय तयार आहेत! बालसम लेक माउंटनला न्या, मिलब्रूक रोडकडून. चढ बराचसा हळूहळू आहे, आणि माथ्यावर जुना फायर टॉवर, म्हणजे वणव्यावर नजर ठेवायचा मनोरा आहे, म्हणजे झाडांच्या वर डोकं काढून चहूकडचे डोंगर बघता येतात. टॉवरच्या पायऱ्या उभ्या आणि जाळीच्या असतात, खालचं सगळं दिसतं, काकूंना चक्कर येत असेल तर एक-दोन टप्प्यांवरच थांबू दे.

दुसरा पर्याय जायंट लेज. ते लिस्टमध्ये नाही पण पँथरच्या वाटेवर लागतं आणि तिथल्या कड्यावरून दिसणारं दृश्य बघून काका नक्की खूश होतील. ज्यांना पुढे पँथर करायचंय त्यांनी जावं, बाकीच्यांनी तिथेच बसावं, मात्र कड्याला कठडा नाही, फोटोसाठी टोकावर कुणी जायचं नाही. वाट दगडधोंड्यांची आहे, काठ्या द्याच. शनिवार-रविवारी पार्किंग लवकर भरतं, त्यामुळे मधल्या वारी जमलं तर बघा, आणि पाणी घरूनच भरपूर न्या.