फक्त इतरांच्या डॉक्युमेंटरी बघून डॉक्युमेंटरी करायला शिकता येतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. मालवणात राहून, फिल्म स्कूलला न जाता, दुसऱ्यांच्या डॉक्युमेंटरी बघून हे काम शिकता येईल का? आणि तसं शिकलं तर रापणीवरची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीवरची, तुमची फिल्म नक्कल ठरेल का?

शिकता येतं. मीही याच किनाऱ्यावर राहून तसंच शिकलो. पण त्यासाठी शंभर फिल्म बघायची गरज नाही. एकच घ्या आणि तिचा धागान्‌धागा उसवा.

तुमचा विषय समुद्राचा आहे, म्हणून इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सेतांपासून सुरुवात करा. त्यांनी १९५० च्या दशकात सिसिलीतल्या कष्टकऱ्यांवर दहा-दहा मिनिटांच्या फिल्म केल्या. १९५५ ची ट्यूना मासेमारीवरची त्यांपैकीच. निवेदन नाही, मुलाखत नाही, तरी सगळं कळतं. कसं कळतं, हेच शोधायचं. आधी आवाज बंद करून बघा आणि प्रत्येक शॉट वहीत उतरवा: काय दिसतं, कॅमेरा किती लांब आहे, शॉट किती सेकंद टिकतो. माणसं वाट बघत असतानाचे आकडे आणि जाळं ओढतानाचे आकडे शेजारी शेजारी मांडा. मग चित्र झाकून नुसतं ऐका. गाणं, आरोळ्या, पाण्याचा आवाज कुठे सुरू होतो, कुठे तुटतो? चित्र बदललं तरी आवाज चालू राहिला की वेगवेगळ्या वेळी घेतलेले शॉट सलग वाटतात. मला एडिटिंग खरं कळलं ते इथे.

दुसरी बघा रॉबर्ट फ्लाहर्टींची १९३४ ची ‘मॅन ऑफ अ‍ॅरन’. लाटांचं इतकं ताकदीचं चित्रण क्वचितच सापडेल. पण त्यातली शार्कची शिकार आयर्लंडजवळच्या त्या अ‍ॅरन बेटांवर कित्येक दशकांपूर्वीच बंद पडली होती; फिल्मसाठी लोकांना ती पुन्हा शिकवावी लागली. पडद्यावरचं कुटुंबही खरं कुटुंब नव्हतं. हे माहीत करून घेऊन फिल्म पुन्हा बघा, आणि तुम्हाला कुठवर जायचंय ते ठरवा. रापणकरांना ‘जरा परत ओढून दाखवा’ म्हणायचं की नाही, हा प्रश्न पहिल्याच सकाळी तुमच्यापुढे येणार आहे. मी म्हणत नाही. हुकलेला शॉट हुकला.

आनंद पटवर्धनांची १९८५ ची ‘हमारा शहर’ मांडणीसाठी बघा. झोपडी तुटलेल्यांचं बोलणं आणि सुखवस्तू मुंबईकरांचं बोलणं ते शेजारी ठेवतात, आणि निष्कर्ष आपला आपण काढतो.

बघून झालं की त्याच आठवड्यात हात चालवा. मोबाइल पुरेसा आहे, आवाज मात्र वेगळा आणि सलग रेकॉर्ड करा. किनाऱ्यावरचा वारा निम्मं काम बिघडवतो. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते, दोन टोळ्या दोन टोकांचे दोर ओढतात आणि ओढता ओढता एकमेकींच्या जवळ येतात. हे अंतर कमी होणं दाखवायचं तर कॅमेरा कुठे उभा करायचा? दोन्ही टोळ्या एकदम हाताशी येत नाहीत. शेवटी सगळे मासळीकडे धावतात आणि कॅमेराही तिकडेच वळतो. तेव्हा चेहऱ्यांवर थांबून बघा. जाळ्यात बांगडा किती आहे, ते जाळं उघडण्याआधी तिथे दिसतं.

आता नकलेचं. दे सेतांची रचना हुबेहूब उचलायचा प्रयत्न खुशाल करा, ती फार काळ टिकणार नाही. त्यांच्या फिल्ममध्ये मासा समुद्रातच मारला जातो; रापण वाळूवर येते, मग वाटे पडतात, कोळणी पाट्या घेऊन बसतात, भाव ठरतो. त्या भागासाठी त्यांच्याकडे काहीच नाही. तिथे कुठे उभं राहायचं आणि किती वेळ, हे तुम्हालाच ठरवावं लागेल, आणि तिथून पुढची फिल्म तुमची.

पावसात होड्या वर काढलेल्या असतात, तेव्हा वही भरा. नारळी पौर्णिमेनंतर किनाऱ्यावर जा, आणि पहिले काही दिवस कॅमेरा न काढता दोराला हात लावा.